कम्युनिटी कॉलेजे व हिस्पॅनिक विद्यार्थी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम असलेल्या सार्वजनिक महाविद्यालयांना कम्युनिटी कॉलेज असे म्हणतात. पदवीशिक्षणाची पहिली दोन वर्षे, व्यवसायशिक्षण, प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग आणि शालेय शिक्षणातील उणिवा भरून काढणारे पूरक शिक्षण अशी चतुर्विध सोय ही महाविद्यालये करतात. प्रवेशासाठी गुणांची चाळणी नसते. शुल्क चार वर्षांच्या विद्यापीठांच्या मानाने अल्प असते आणि वर्ग घराजवळ, बहुधा सायंकाळीही भरतात. स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या किंवा त्या देशांशी वंशसंबंध असलेल्या लोकांना संयुक्त संस्थानांत ‘हिस्पॅनिक’ ही संज्ञा लावतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या समाजाच्या उच्च शिक्षणाचा इतिहास बव्हंशी कम्युनिटी कॉलेजांच्या इतिहासात सामावलेला आहे. या महाविद्यालयांचे दार सर्वांना उघडे राहिले. तथापि त्या दाराने आत आलेला विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचतो की मध्येच थांबतो, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

संज्ञा व समाज : हिस्पॅनिक ही संज्ञा प्रशासकीय आहे. केंद्र शासनाने १९७७ मध्ये लोकगणना व इतर सांख्यिकीसाठी तिची व्याख्या निश्चित केली आणि १९८० च्या जनगणनेत ती देशभर वापरात आली. १९९७ नंतर तिच्या जोडीला ‘लॅटिनो’ ही संज्ञाही मान्य झाली. या एका नावाखाली परस्परांहून भिन्न असे समाज एकत्र येतात. १८४८ च्या ग्वादलूपे ईदाल्गो तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख संयुक्त संस्थानांकडे गेला व तेथील मेक्सिकन रहिवासी न हलताच परक्या राज्यात आले. प्वेर्त रीको बेट १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात आले आणि तेथील लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळाले. १९४२–६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन शेतमजूर मोठ्या संख्येने आणण्यात आले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून निर्वासितांचे लोंढे फ्लॉरिडात आले. पुढे मध्य अमेरिकेतील यादवी युद्धांमुळे एल साल्वादोर, ग्वातेमाला इ. देशांतील लोकांची भर पडली. हिस्पॅनिकांची लोकसंख्या १९८० मध्ये सु. १ कोटी ४६ लक्ष होती. २०२० च्या जनगणनेत ती ६ कोटी २१ लक्ष, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८·७ टक्के भरली.

पूर्वपीठिका : इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये तेथील माध्यमिक शाळेला जोडून पहिले सार्वजनिक ‘कनिष्ठ महाविद्यालय’ निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेत प्रारंभी केवळ सहा विद्यार्थी होते. कॅलिफोर्निया राज्याने १९०७ मध्ये कायदा करून माध्यमिक शाळांना पदवीपूर्व वर्ग चालविण्याची मुभा दिली व १९१० मध्ये फ्रेझ्नो येथे त्या राज्यातील पहिले कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. विद्यापीठांवरील प्रारंभिक वर्गांचा भार हलका करणे आणि गावातील मुलांना गावातच शिक्षण देणे, हे या चळवळीचे हेतू होते. हिस्पॅनिकांचा विचार तिच्या मुळाशी नव्हता.

त्या काळात हिस्पॅनिक मुले या महाविद्यालयांपर्यंत पोहोचतच नसत. टेक्सस व कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा असत. त्यांतील इमारती, साहित्य व शिक्षक हलक्या प्रतीचे असत आणि शेतीच्या हंगामात हजेरीची काटेकोर सक्तीही होत नसे. मुलांना इंग्रजी येत नाही हे या विभक्तपणाचे समर्थन दिले जाई. प्रत्यक्षात इंग्रजी बोलणारी मुलेही केवळ आडनावावरून तेथे पाठविली जात. कॅलिफोर्नियातील ऑरेंज जिल्ह्यातील पालकांनी याविरुद्ध दाद मागितली. ‘मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर’ या खटल्यात १९४६ मध्ये न्यायालयाने हा विभक्तपणा अवैध ठरविला व १९४७ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम केला. वांशिक विभक्तीकरणाविरुद्धच्या १९५४ च्या सुप्रसिद्ध ‘ब्राउन’ निर्णयाचा हा पूर्वसूरी मानला जातो.

दुसऱ्या महायुद्धामुळे परिस्थितीत पहिला लक्षणीय पालट झाला. १९४४ च्या माजी सैनिक साहाय्य कायद्याने (‘जी. आय. बिल’) युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला. मेक्सिकन–अमेरिकन सैनिकांना हे लाभ मिळवून देण्याच्या कामी हेक्टर गार्सीया यांनी १९४८ मध्ये टेक्ससमधील कॉर्पस क्रिस्टी येथे स्थापिलेल्या ‘अमेरिकन जी. आय. फोरम’ने मोठा वाटा उचलला. याच सुमारास हिस्पॅनिक वस्तीच्या प्रदेशांत काही महत्त्वाची महाविद्यालये निघाली. लॉस अँजेल्सच्या पूर्व भागात १९४५ मध्ये गारफील्ड माध्यमिक शाळेच्या आवारात ईस्ट लॉस अँजेल्स कॉलेज सुरू झाले. मेक्सिकोच्या सीमेवरील लारेडो येथे जुन्या लष्करी ठाण्याच्या जागेत कनिष्ठ महाविद्यालय उभे राहिले.

राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९४६ मध्ये नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ च्या अहवालात पैसा, वंश व धर्म यांचे अडसर दूर करण्याची आणि सर्वत्र कम्युनिटी कॉलेजे काढण्याची शिफारस केली. ‘कनिष्ठ महाविद्यालया’ऐवजी ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव या अहवालामुळे रूढ झाले. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या बृहद् योजनेने या संस्थांचे स्थान कायद्याने निश्चित केले. माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांना राज्य महाविद्यालयांत आणि उरलेल्या सर्वांना कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश मिळावा, अशी ही रचना होती. खालच्या पायरीवरील विद्यार्थ्याला दोन वर्षांनंतर वर जाता यावे, ही तिची अध्याहृत अट होय. ज्या मुलांच्या शाळाच दुबळ्या होत्या ती मुले या चाळणीत सर्वांत खाली राहिली. त्यामुळे हिस्पॅनिकांच्या बाबतीत ती अट कितपत पाळली गेली, यावरच या व्यवस्थेचे मूल्यमापन अवलंबून आहे.

चळवळीचा काळ : १९६० नंतरच्या दशकात नागरी हक्कांच्या चळवळीबरोबर मेक्सिकन–अमेरिकन तरुणांची ‘चिकानो’ चळवळ उभी राहिली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस अँजेल्समधील हजारो विद्यार्थी शाळा सोडून रस्त्यावर आले. गर्दीने भरलेले वर्ग, स्पॅनिश बोलण्याबद्दल होणारी शिक्षा आणि महाविद्यालयाऐवजी मजुरीकडे वळविणारे मार्गदर्शन यांविरुद्ध त्यांची तक्रार होती. साल कास्त्रो हे शिक्षक या आंदोलनाचे मार्गदर्शक होते. १९६९ मध्ये सँता बार्बरा येथील परिषदेने उच्च शिक्षणासंबंधीच्या मागण्यांचा आराखडा तयार केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विधिमंडळाने आल्फ्रेड अल्क्विस्ट यांच्या विधेयकान्वये कम्युनिटी कॉलेजांतील गरीब व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या विद्यार्थ्यांसाठी विशेष साहाय्य योजना सुरू केली. पुस्तके, अनुदान, शिकवणी व समुपदेशन यांची तीत तरतूद होती. केंद्र शासनाच्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने आणि १९७२ मध्ये कायद्याने मंजूर झालेल्या मूलभूत शिष्यवृत्त्यांनी (१९८० पासून ‘पेल अनुदान’) या प्रयत्नांना आर्थिक बळ दिले.

ओस्तोस कॉलेज : न्यूयॉर्कमधील प्वेर्त रीकन समाजाचा लढा भाषेच्या प्रश्नाभोवती केंद्रित झाला. दक्षिण ब्राँक्स या अत्यंत दरिद्री भागातील रहिवाशांच्या मागणीवरून न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने १९६८ मध्ये एका नव्या कम्युनिटी कॉलेजाची स्थापना केली. प्वेर्त रीकोचे शिक्षणतज्ञ व स्वातंत्र्यवादी विचारवंत एउहेन्यो मारीया दे ओस्तोस (१८३९–१९०३) यांचे नाव त्याला देण्यात आले. १९७० मध्ये ६२३ विद्यार्थ्यांनिशी एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत ते सुरू झाले. विद्यार्थ्याने इंग्रजी आत्मसात करीपर्यंत गणित, जीवशास्त्र, समाजशास्त्र यांसारखे विषय स्पॅनिशमधून शिकावेत व जोडीने इंग्रजीचा अभ्यास करावा, ही त्याची पद्धत होती. भाषा येत नाही म्हणून ज्ञान खोळंबून राहू नये, हे तिच्यामागील तत्त्व होय. प्रौढ स्त्रिया व नोकरी करून शिकणारे यांचा ओढा या महाविद्यालयाकडे विशेष होता.

१९७५–७६ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले. नगर विद्यापीठाने १९७६ मध्ये विनाशुल्क शिक्षणाची जुनी परंपरा मोडली आणि ओस्तोस कॉलेज दुसऱ्या महाविद्यालयात विलीन करण्याचे ठरविले. विद्यार्थी, प्राध्यापक व परिसरातील रहिवासी यांनी मोर्चे काढले, इमारतीचा ताबा घेतला व अनेकांनी अटक पतकरली. अखेरीस राज्य विधिमंडळाने त्याच वर्षी केलेल्या कायद्यात या द्विभाषी महाविद्यालयासाठी स्वतंत्र तरतूद केली व ते टिकले. भाषेचा वाद मात्र मिटला नाही. १९९७ मध्ये पदवीदानाच्या तोंडावर विद्यापीठाच्या विश्वस्तांनी इंग्रजी लेखनाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट लागू केली व अनेक विद्यार्थ्यांच्या पदव्या अडल्या. प्रकरण न्यायालयात गेले. समर्थकांच्या मते ती अट पदवीची किंमत राखणारी होती; विरोधकांच्या मते ऐनवेळी नियम बदलून विद्यार्थ्यांना दंडित करणारी होती. या वादानंतर महाविद्यालयाचा कल क्रमाक्रमाने इंग्रजीकडे अधिक झुकला.

मायामी–डेड : फ्लॉरिडातील अनुभव वेगळा आहे. डेड काउंटी कनिष्ठ महाविद्यालय १९६० मध्ये १,४२८ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले, तेव्हा क्यूबन निर्वासितांचे आगमन नुकतेच सुरू झाले होते. पहिल्या लाटेतील निर्वासितांत डॉक्टर, वकील, शिक्षक व व्यापारी यांचे प्रमाण मोठे होते. त्यांना प्रामुख्याने इंग्रजीची आणि नव्या देशात व्यवसाय करण्यास पात्र ठरण्याची गरज होती. केंद्र शासनाने साम्यवादी राजवटीतून आलेल्या या लोकांना जी मदत दिली, तशी मदत मेक्सिकन वा प्वेर्त रीकन समाजाच्या वाट्याला आली नाही. महाविद्यालयाने क्यूबन वस्तीच्या ‘लिटल हवाना’ भागात द्विभाषी वर्ग सुरू केले व त्यांतून पुढे स्वतंत्र शाखा निर्माण झाली. १९८० मध्ये मार्येल बंदरातून सु. सव्वा लक्ष क्यूबन आले. या वेळच्या निर्वासितांत कष्टकरी अधिक होते. पोरवयात १९६१ मध्ये क्यूबातून एकटे पाठविले गेलेले एद्वार्दो पाद्रोन याच महाविद्यालयात शिकले व १९९५–२०१९ या काळात त्याचे अध्यक्ष होते. २००३ मध्ये ‘मायामी–डेड कॉलेज’ असे नाव धारण केलेली ही संस्था देशातील सर्वांत मोठ्या महाविद्यालयांत गणली जाते व काही विषयांत चार वर्षांच्या पदव्याही देते.

टीका व नवे प्रयोग : कम्युनिटी कॉलेजांच्या दुसऱ्या बाजूकडे समाजशास्त्रज्ञांनी लवकरच लक्ष वेधले. बर्टन क्लार्क यांनी सॅन होझे येथील महाविद्यालयाच्या अभ्यासावरून १९६० मध्ये असे दाखविले, की विद्यापीठात जाण्याची आकांक्षा बाळगून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना चाचण्या व समुपदेशन यांच्या द्वारे हळूहळू अल्पमुदतीच्या व्यवसायशिक्षणाकडे वळविले जाते. संस्था नकार देत नाही. विद्यार्थी स्वतःच आकांक्षा खाली आणतो. स्टीव्हन ब्रिंट व जेरोम कॅराबेल यांनी १९८९ मधील ग्रंथात हाच विचार ऐतिहासिक पुराव्याने विस्तारला. याउलट, ही महाविद्यालये नसती तर यांतील बहुसंख्य विद्यार्थी कोणत्याच महाविद्यालयात गेले नसते, असा प्रतिवाद केला जातो. दोन्ही मतांत तथ्य आहे. विद्यापीठात वर्ग होण्याचे हिस्पॅनिकांचे प्रमाण दीर्घ काळ श्वेतवर्णीयांपेक्षा कमी राहिले, हे निर्विवाद आहे.

या स्थितीवर शिक्षकांनीच शोधलेला एक उपाय ‘प्वेंते’ (स्पॅनिशमध्ये ‘पूल’) या नावाने प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील शाबो कॉलेजात १९८१ मध्ये समुपदेशक फेलिक्स गालाविस व इंग्रजीच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया मॅग्रा यांनी तो सुरू केला. हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासताना त्यांना तीन गोष्टी आढळल्या : बहुतेक विद्यार्थी घराण्यात प्रथमच महाविद्यालयात आलेले होते, ते समुपदेशकाकडे फिरकत नसत आणि लेखनाच्या महाविद्यालयीन वर्गात नाव घालत नसत. उपायही त्यानुसार त्रिविध योजण्यात आला : एक शिक्षक व एक तुकडी यांना वर्षभर एकत्र ठेवून हिस्पॅनिक साहित्याच्या आधारे लेखन शिकविणे, समुपदेशकाला त्या वर्गाशीच जोडणे आणि समाजातील व्यावसायिकांपैकी एक मार्गदर्शक प्रत्येकाला देणे. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहकार्याने हा कार्यक्रम राज्यातील अनेक महाविद्यालयांत पसरला. लॉरा रेंडोन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘प्रमाणन’ संकल्पना याच अनुभवाशी जुळते. विद्यार्थ्याने मदत मागण्याची वाट न पाहता संस्थेने त्याच्याकडे जावे व तो शिकण्यास समर्थ आहे ही खात्री त्याला द्यावी, असे तिचे प्रतिपादन आहे.

याच काळात आर्थिक बाजू मात्र आवळत गेली. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९७८ मध्ये मालमत्ता कर मर्यादित केला. स्थानिक उत्पन्न घटल्याने महाविद्यालये राज्याच्या अनुदानावर अवलंबून राहिली आणि १९८४ मध्ये तेथे प्रथमच शुल्क आकारण्यात आले. पूर्णवेळ प्राध्यापकांऐवजी तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे प्रमाण सर्वत्र वाढले व ज्या विद्यार्थ्यांना व्यक्तिगत लक्षाची सर्वाधिक गरज होती, त्यांनाच ते कमी मिळू लागले.

टेक्ससमध्ये प्रश्न मुख्यतः प्रादेशिक विषमतेचा होता. सीमाभागात हिस्पॅनिकांची वस्ती दाट व उच्च शिक्षणावरील राज्याचा खर्च अल्प होता. याविरुद्ध १९८७ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यास दोषी धरले नाही. तथापि खटल्याच्या दडपणामुळे विधिमंडळाने सीमाभागातील संस्थांसाठी मोठा निधी दिला. १९९३ मध्येच मॅकॅलन येथे साउथ टेक्सस कम्युनिटी कॉलेज स्थापन झाले. दोन दशकांत त्याची विद्यार्थिसंख्या ३० हजारांच्या आसपास पोहोचली, यावरून या भागातील शिक्षणाची मागणी किती काळ अतृप्त होती हे लक्षात येते.

केंद्र शासनाचे धोरण : १९८६ मध्ये सॅन अँतोनिओ येथे १८ संस्थांनी एकत्र येऊन हिस्पॅनिक महाविद्यालये व विद्यापीठे यांचा संघ स्थापन केला. त्याच्या प्रयत्नांमुळे १९९२ च्या कायद्यात ‘हिस्पॅनिक-सेवी संस्था’ हा वर्ग प्रथमच मान्य झाला. पूर्णवेळ समतुल्य पदवीपूर्व विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असणे, ही त्याची मुख्य कसोटी होय. १९९८ मध्ये उच्च शिक्षण कायद्याच्या पाचव्या प्रकरणात या संस्थांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. २०२० नंतर अशा संस्थांची संख्या सहाशेच्या घरात गेली. त्यांत कम्युनिटी कॉलेजांचा वाटा मोठा आहे. कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक महाविद्यालये त्या समाजासाठीच निघाली होती. हिस्पॅनिक-सेवी संस्था मात्र बहुतेक करून वस्तीच्या बदलत्या स्वरूपामुळे तशा झाल्या. त्यामुळे त्या हिस्पॅनिकांना केवळ दाखल करून घेतात की खरोखर त्यांची सेवा करतात, असा प्रश्न अभ्यासक विचारतात. कायद्याची कसोटी पटसंख्येची आहे, निष्पत्तीची नाही.

कागदपत्रांविना देशात राहणाऱ्यांच्या मुलांचा प्रश्न याला जोडूनच येतो. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या १९८२ च्या निर्णयाने त्यांना सार्वजनिक शाळांत शिकण्याचा हक्क मिळाला. परंतु तो माध्यमिक शाळेपाशी संपतो. टेक्सस व कॅलिफोर्निया या राज्यांनी २००१ मध्ये अशा विद्यार्थ्यांना राज्यातील रहिवाशांच्या दराने शुल्क आकारण्याचे कायदे केले व त्यांचा लाभ मुख्यत्वे कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांना झाला. केंद्र शासनाने आव्हान दिल्यावर व राज्याने विरोध न केल्याने जून २०२५ मध्ये न्यायालयाने टेक्ससमधील तरतूद रद्दबातल ठरविली.

अलीकडील सुधारणा : एकविसाव्या शतकात सुधारणांचा रोख प्रवेशाकडून पूर्तीकडे वळला. चाचणीत कमी पडणाऱ्यांना पूरक वर्गांच्या तीन-चार पायऱ्या चढाव्या लागत. त्यांचे गुण पदवीत धरले जात नसत आणि बहुसंख्य विद्यार्थी मधल्या पायरीवरच गळत. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने ही साखळी मोडून विद्यार्थ्यांना थेट महाविद्यालयीन वर्गात, आवश्यक त्या मदतीसह, बसविण्याचे धोरण स्वीकारले. त्याआधी २०१० मध्ये विशिष्ट दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यास राज्य विद्यापीठात प्रवेशाची हमी देण्यात आली. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने २००७ मध्ये ओस्तोससह सहा महाविद्यालयांत सुरू केलेल्या कार्यक्रमात पूर्णवेळ अभ्यासाच्या अटीवर शुल्काची तूट, पाठ्यपुस्तके व प्रवासाचा खर्च देण्यात आला आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे जवळचा सल्लागार नेमण्यात आला. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनात्मक अभ्यासात या कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत उत्तीर्ण झाले; त्याबाहेरील विद्यार्थ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. विद्यार्थ्यांची गळती ही त्यांच्या कुवतीपेक्षा परिस्थितीशी अधिक निगडित आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

२०२० मध्ये कोविड साथीने या महाविद्यालयांची पटसंख्या एकाएकी घटली. घरातील मिळकत बुडाल्यावर शिक्षण सोडणाऱ्यांत हिस्पॅनिक विद्यार्थी बरेच होते. २०२५ मध्ये टेनेसी राज्य व एक खाजगी संघटना यांनी हिस्पॅनिक-सेवी संस्थांची २५ टक्क्यांची अट घटनाबाह्य असल्याचा दावा दाखल केला. केंद्रीय न्याय खात्याने या कार्यक्रमाचा बचाव करण्याचे नाकारले व सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने त्याखालील ऐच्छिक अनुदाने थांबविण्याची घोषणा केली. जी कसोटी समाजाच्या संख्याबळावर आधारली होती, तीच अशा रीतीने आक्षेपाचा विषय बनली.

हिस्पॅनिकांना उच्च शिक्षणात आणण्याचे कार्य कम्युनिटी कॉलेजांनी इतर कोणत्याही संस्थांपेक्षा अधिक प्रमाणात केले. त्यांतील यशस्वी प्रयत्नांचा आढावा घेतल्यास एक समान सूत्र दिसते. ओस्तोस येथे विद्यार्थ्याची भाषा, शाबो येथे त्याचे साहित्य व त्याचा संकोच, न्यूयॉर्कच्या नव्या कार्यक्रमात त्याचा प्रवासखर्च, अशा प्रत्यक्ष अडचणींपासून त्यांचा आरंभ झाला. या अडचणींची दखल जेथे घेतली गेली नाही, तेथे प्रवेश मिळूनही पदवी दूरच राहिली.